सहावीच्या वाचनपेटीतली शूर्पणखा

हे प्रकरण शिक्षक आणि पालक प्रतिनिधींच्या चर्चेसाठी रचलेलं आहे. शाळा, माणसं आणि वादात सापडलेली पुस्तकं काल्पनिक आहेत. कायदे, निकाल आणि नाशिकचे संदर्भ खरे आहेत.

शाळा पंचवटीतली, अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. मुलं कुठून येतात हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काही मुलं रामकुंडावर पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य करणाऱ्या घरांतली, काही पेठ रोडच्या वस्त्यांतली, बरीचशी मार्केट यार्डात हमाली करणाऱ्यांची, थोडी पूल ओलांडून जुन्या नाशकातून येणारी. सीतागुंफा आणि काळाराम मंदिर शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते याच परिसरात, हे इथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी माहीत होतं.

१५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला, शाळेनं नव्या वाचनपेट्या उघडल्या. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली होती. प्रत्येक वर्गाला पत्र्याची एक पेटी, आत चाळीस पुस्तकं. निवड मराठीच्या दोन शिक्षिका आणि अर्धवेळ ग्रंथपाल यांनी मिळून केली. यादीवर मुख्याध्यापिकांची सही आहे, पण यादीतली पुस्तकं त्यांनी वाचली नव्हती. कुठल्याच शाळेत मुख्याध्यापक ती वाचत नाहीत. त्यांना शालार्थच्या पगारबिलांतून आणि यू-डायसवर शाळेची माहिती भरण्यातून डोकं वर काढायला सवड मिळाली तर ना.

सहावीच्या पेटीत एक पातळ चित्रपुस्तक होतं. त्यात शूर्पणखा स्वतः बोलते. तिचं रान, तिथे येऊन राहिलेली अनोळखी माणसं, त्यांच्याशी बोलायला गेलेली ती, आधी झालेली थट्टा आणि मग तलवार. रामाबद्दल त्यात वावगा शब्द नाही. थट्टेचा प्रसंग वाल्मीकींच्या अरण्यकांडातही आहेच. राम तिला गमतीनं लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण परत रामाकडे. पण तलवार उगारलेल्या लक्ष्मणाचं चित्र पूर्ण पानभर आहे, शूर्पणखा लहान मुलीसारखी दिसते, आणि शेवटच्या पानावर वाचणाऱ्याला विचारलं आहे, ‘तुला काय वाटतं?’

वर्गशिक्षिकेनं पुस्तक वर्गात मोठ्यानं वाचलं. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. मग बाईंनी एक कृतिपत्रिका दिली. ‘शूर्पणखेवर अन्याय झाला का? कारणांसह लिहा.’ पाच गुण, आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्गातल्या कामाच्या गुणांत, धरले जाणार. ही कृतिपत्रिका लक्षात ठेवा. सगळा गदारोळ पुस्तकावर झाला, पण माझ्या मते शाळेचं चुकलं असेल तर ते या पाच गुणांत.

एक फोन, एक कुलूप

एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी ती कृतिपत्रिका पाहिली. नातवानं ‘हो, अन्याय झाला’ असं लिहिलं होतं आणि बाईंनी शेजारी ‘छान’ असा शेरा दिला होता. आजोबांनी मुख्याध्यापिकांना फोन केला. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत द्यायला हवं, कारण पुढे ते फार विपर्यस्त होऊन फिरलं. ‘मॅडम, गोष्टी शंभर प्रकारे सांगतात, मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात ज्याला देव मानतात त्याच्याविरुद्ध लिहिलं तर मार्क, असं पोराला वाटायला लागलं तर ते मला चालणार नाही.’

त्यांनी पुस्तक काढा असं म्हटलं नव्हतं. ते म्हणाला त्यांचा मुलगा, रात्री, सहावीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. त्यानं फक्त ते तलवारीचं पान टाकलं आणि खाली लिहिलं, ‘आपल्या मुलांना शाळेत हे शिकवतात.’ सकाळपर्यंत ते पान शाळेशी काही संबंध नसलेल्या ग्रुपांवर पोचलं होतं. अकरा वाजता एका संघटनेचे तिघेजण निवेदन घेऊन आले. पुस्तक पाहिलंत का, असं ग्रंथपालांनी विचारलं तेव्हा त्यांनी मोबाइल दाखवला.

पोलीस ठाण्यातूनही फोन आला. सूर आपुलकीचाच होता. सिंहस्थ जवळ आला आहे, पंचवटीत कशाला ताण, काढून टाका ना मॅडम.

दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी पुस्तकाच्या चारही प्रती स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि ग्रुपवर संदेश टाकला: ‘पालकांच्या भावना लक्षात घेऊन सदर पुस्तक मागे घेण्यात आले आहे.’ शाळा व्यवस्थापन समितीला विचारलं नाही, वर्गशिक्षिकेला सांगितलं नाही. बाईंना ते ग्रुपवरच वाचायला मिळालं.

मुख्याध्यापिकांना भित्र्या म्हणणं सोपं आहे. शाळेत सातशे मुलं आहेत, फाटकावर एक शिपाई, आणि संस्थेचे कार्यवाह फोन उचलत नव्हते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेत काय झालं हे त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक शिक्षकाला आठवतं. तिथली मोडतोड जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात आभाराला संस्थेचं नाव आलं एवढ्या धाग्यावर झाली होती. पुढे त्या पुस्तकावरची सरकारी बंदी उच्च न्यायालयानं उठवली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. पण फुटलेली कपाटं निकालानं जुळत नाहीत. कुलूप लावताना हेच त्यांच्या डोक्यात असणार.

मग बाकीचे अर्ज

चौथ्या दिवशी दुसरा अर्ज आला. लिहिणारे पालक एसटीत वाहक आहेत, बौद्ध आहेत. अक्षर सुरेख, मुद्देसूद दोन पानं. त्याच पेटीत दशावताराच्या गोष्टींचं पुस्तक आहे आणि त्यात नववा अवतार म्हणून बुद्धाचं चित्र आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे स्पष्ट नाकारते. ‘माझी मुलगी घरी ही प्रतिज्ञा म्हणते आणि शाळेत हे पुस्तक वाचते. आपण एका फोनवर एक पुस्तक काढलेत. माझा तर लेखी अर्ज आहे.’

शेवटच्या दोन वाक्यांना उत्तर नव्हतं. मुख्याध्यापिकांनी दोनदा कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

या अर्जाचं वजन कुठे पडतं ते बघा. काळाराम मंदिरात प्रवेशासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला तो याच पंचवटीत, आणि दरवाजे बंद ठेवणाऱ्यांचंही म्हणणं धर्मभावनेचंच होतं. तेव्हा ‘भावना’ हा शब्द इथे पहिल्यांदा आलेला नाही आणि तो नेहमी एकाच बाजूनं आला असंही नाही. शाळेनं ‘भावना लक्षात घेऊन’ हा निकष एकदा मान्य केला की कुणाच्या भावना मोठ्या हे ठरवण्याचं काम तिच्या गळ्यात पडतं, आणि ते ठरतं संख्येवर आणि आवाजावर. एसटी वाहकांच्या मागे निवेदन घेऊन कुणी आलं नाही. त्यांचा अर्ज पंधरा दिवस पडून राहिला.

तिसरी तक्रार मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते, जरी तिच्याबद्दल ग्रुपवर कुणी अक्षर काढलं नाही. जुन्या नाशकातल्या एक आई स्वतः भेटायला आल्या. पाचवीच्या पेटीत थोर धर्मसंस्थापकांवरचं पुस्तक होतं, त्यात पैगंबरांचं काल्पनिक चित्र होतं, आणि चित्रकलेच्या तासाला ‘पुस्तकातलं आवडतं चित्र काढा’ म्हणून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, किताब राहू द्या, बाकीची पोरं वाचतायत तर वाचू द्या. माझ्या लेकीला ते चित्र काढायला लावू नका, बस.’ काम पाच मिनिटांत झालं. मुलीनं वडाचं झाड काढलं.

चौथी तक्रार विज्ञानाच्या सरांची होती. आता काढायचंच आहे तर भुताखेतांच्या गोष्टीही काढा, अंधश्रद्धा पसरते. हा अर्ज थट्टेत गेला. खरं तर थट्टेचा नव्हता. त्याच तर्कानं चालला होता.

कायदा शाळेला काय सांगतो

शाळेत कुणालाच माहीत नव्हतं असं काही इथे आहे. पुस्तक ‘बंद’ करण्याचा अधिकार संघटनेला नाही, ठाणे अंमलदाराला नाही आणि शाळेलाही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली प्रती जप्त घोषित करता येतात, ते फक्त राज्य सरकारला, तेही कारणं नमूद करून; त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं आणि तिथे तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ ऐकतं. एवढी भारदस्त व्यवस्था असलेली गोष्ट आपण कपाटाच्या किल्लीनं उरकतो.

निवेदनात भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ची धमकी होती. हे जुनं २९५-अ, धर्माचा अपमान करून भावना दुखावण्याबद्दलचं. ते १९२७ साली दंडसंहितेत आलं, आणि त्यात पहिल्यापासून ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं’ केलेला अपमान अशी अट आहे. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कलम वैध ठरवलं ते नेमकं या अटीच्या आधारावर. अनवधानानं किंवा तशा हेतूशिवाय झालेला अवमान त्यात बसत नाही, आणि सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यायालय अशा खटल्याची दखल घेत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे नुसतं कलम उच्चारलं तरी शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. पण सहावीच्या मुलाला ‘तुला काय वाटतं?’ विचारणाऱ्या पुस्तकात दुष्ट बुद्धी दाखवणं सोपं नाही.

मग पोलिसांच्या आपुलकीचं काय? १९८९ च्या रंगराजन खटल्यात वाद एका तमिळ चित्रपटाचा होता. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, सुव्यवस्था राखणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि ‘आम्हाला गर्दी आवरत नाही’ हे सरकारचं उत्तर असू शकत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे त्या फोनवर मुख्याध्यापिका म्हणू शकल्या असत्या, ‘साहेब, दोन माणसं फाटकावर द्या.’ किती मुख्याध्यापक असं म्हणतील हा वेगळा प्रश्न.

आता आजोबांची बाजू. तिलाही घटनेत आधार आहे, आणि तो बळकट आहे. कलम २८(३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. शूर्पणखेचं पुस्तक धार्मिक शिक्षण नव्हे; धर्मांविषयी शिकणं आणि धर्म शिकवणं यांतला फरक २००२ च्या अरुणा रॉय निकालात स्पष्ट झाला आहे. पण कलमामागचा विचार इथेही लागू पडतो: पालकाला आपल्या मुलापुरतं थांबवण्याचा हक्क.

आपल्या मुलापुरतं. केरळच्या तीन भावंडांचं १९८६ चं प्रकरण आठवा. यहोवा विटनेस पंथाची ही मुलं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गात नसत. शाळेनं काढून टाकलं, सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. न्यायालयानं त्या मुलांना मोकळीक दिली. शाळेतलं राष्ट्रगीत थांबवलं नाही, आणि तसं कुणी मागितलंही नव्हतं. अमेरिकेतही जून २०२५ मध्ये मेरिलँडच्या पालकांच्या दाव्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी असाच कौल दिला: एलजीबीटीक्यू पात्रं असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांना धार्मिक कारणानं आक्षेप असलेल्या पालकांना त्या तासाला मुलं बाहेर ठेवू द्या, आणि आधी सूचना द्या. पुस्तकं शाळेतच राहिली. तो निकाल कुणाला पटो न पटो, मागणीचा आकार पाहण्यासारखा आहे. जुन्या नाशकातल्या त्या आईची मागणी या आकाराची होती. ग्रुपवर तलवारीचं पान टाकणाऱ्या बापाची नव्हती.

समितीत काय झालं

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा व्यवस्थापन समिती बसली. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. प्रत्यक्षात या समितीची आधीची सभा पोषण आहाराच्या तांदळावर झाली होती. ग्रंथपालांनी एक साधी अट घातली: दोन्ही पुस्तकं सर्वांनी आधी वाचायची. शूर्पणखेचं पुस्तक वाचायला वीस मिनिटं लागली. त्यानंतर एक पालक सदस्य, ज्यांनी ग्रुपवर सर्वांत तिखट लिहिलं होतं, म्हणाले, ‘चित्र बरं नाही. पण गोष्टीत तसं काही नाही.’ चित्राबद्दल मी त्यांच्याशी सहमत आहे. वाईट चित्र आहे.

जैन परंपरेतल्या रामकथेत रावणाला लक्ष्मण मारतो, राम नाही, हे एका शिक्षिकेनं सांगितलं तेव्हा काहींना ते नवीन होतं. म्हसरूळला गजपंथ या जैन तीर्थाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका सदस्येला ते माहीत होतं. कुणाच्याच श्रद्धेला त्या माहितीनं धक्का लागल्याचं दिसलं नाही.

सभेचं पारडं मात्र वेगळ्याच मुद्द्यानं फिरलं. ग्रंथपालांनी इश्यू रजिस्टर पुढे ठेवलं. पेटीतली पुस्तकं घरी नेणारी बहुतेक मुलं मार्केट यार्डाकडची आणि पेठ रोडची होती. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांची नावं फार थोडी. गोदेच्या पलीकडे १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, पण तिथे नेऊन सभासद करायला मोठं माणूस रिकामं लागतं, आणि हमालाची सकाळ तीनला सुरू होते. पेटीतून पुस्तक गेलं की ते नेमकं कुणाकडून गेलं, ते त्या रजिस्टरात शाईनं लिहिलेलं होतं. आक्षेप घेणाऱ्या घरांतल्या एकाही मुलाच्या नावावर ते पुस्तक नव्हतं.

ठरलं ते असं. पुस्तक परत येईल, पण वर्गाच्या पेटीत न ठेवता ग्रंथालयाच्या कपाटात, ज्याला हवं त्यानं न्यावं. कृतिपत्रिकेचे गुण रद्द. इथून पुढे धार्मिक कथेवर मत विचारायचं तर गुण लावायचे नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ मुलाला भीतीमुक्त ठेवायला आणि मत मोकळेपणानं मांडायला मदत करायला सांगतं. घर एक म्हणतं आणि पाच गुण दुसरं म्हणतात अशा कचाट्यात मूल मोकळेपणानं काय लिहिणार? पालकाला पूरक वाचनातल्या एखाद्या पुस्तकातून आपल्या मुलाला वगळायचं असेल तर चिठ्ठी द्यावी, त्याला दुसरं पुस्तक मिळेल. पुस्तकच काढा अशी मागणी असेल तर ती लेखी हवी, पान क्रमांक हवा आणि पूर्ण पुस्तक वाचल्याचं सहीनिशी लिहिलेलं हवं. समिती निर्णय देईपर्यंत पुस्तक जागेवरच राहील.

वगळण्याची सवलत बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांना नाही, हे एका सदस्यानं मुद्दाम नोंदवायला लावलं आणि बरं केलं. नाहीतर उद्या कुणी महात्मा फुल्यांच्या पाठाला चिठ्ठी पाठवील, परवा कुणी उत्क्रांतीच्या.

चिठ्ठीची पद्धत मला पूर्ण निर्धोक वाटत नाही. वर्गात एकाच मुलाच्या हातात वेगळं पुस्तक दिलं की बाकीचे विचारतातच, आणि अकरा वर्षांच्या मुलाला घरच्या श्रद्धेचा वकील व्हावं लागतं. आजोबांनी चिठ्ठी दिली नाही. गुण गेले, आता माझं काही म्हणणं नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. त्यांच्या मुलानं मात्र दिली, तीही ग्रुपवर फोटो टाकून. वर्गशिक्षिकेनं पुढच्या वर्षी सहावी नको म्हणून अर्ज केला आहे. तिच्याशी या सगळ्या काळात शाळेतलं कुणी नीट बोललं नाही, आणि समितीच्या ठरावातही तिचा उल्लेख ‘संबंधित शिक्षिका’ एवढाच आहे. ठरावातली ही मला सर्वांत खटकलेली ओळ.

दशावताराच्या पुस्तकावर समिती अडली. शूर्पणखेला लावलेला नियमच इथे लावायचा तर तेही कपाटात जावं, ज्याला हवं त्यानं न्यावं, आणि तसंच झालं. पण एसटी वाहकांचा मुद्दा वेगळा होता. शूर्पणखेच्या पुस्तकात प्रश्न आहे. दशावताराच्या पुस्तकात बुद्ध हा अवतार असल्याचं सरळ विधान आहे, एका धर्माच्या संस्थापकाबद्दल दुसऱ्या परंपरेनं केलेलं, आणि ते तसं आहे हे पुस्तक मुलाला सांगत नाही. समितीनं बौद्ध दृष्टीनं लिहिलेलं बुद्धचरित्र विकत घेऊन शेजारी ठेवायचं ठरवलं आणि अर्जदाराला दोन पानी लेखी उत्तर दिलं. त्यांना ते मान्य नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘ही वैष्णव परंपरेतील समजूत आहे’ अशी चिठ्ठी चिकटवावी, अशी त्यांची नवी मागणी आहे. ग्रंथपाल अनुकूल आहेत. कार्यवाहांना भीती वाटते की मग प्रत्येक पुस्तकाला चिठ्ठी लागेल. अर्ज सध्या महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे मार्गदर्शनासाठी पाठवला आहे, आणि बुद्धचरित्राच्या खरेदीचं बिल मंजुरीसाठी कार्यवाहांच्या टेबलावर आहे.